खाजेचा नकाशा

ब्रुनोला टेबलावर चढवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ३६ किलोचा लॅब्राडोर आहे तो. डॉक्टर मॅडमच फरशीवर मांडी घालून बसतात आणि हात पुढे करतात. ब्रुनो उजवा पंजा त्यांच्या तळव्यावर ठेवतो. घरी शिकवलेलं इथेही विसरत नाही. मॅडम त्याच्या बोटांमधली फट दोन बोटांनी उघडतात. वरून पंजा फिकट पिवळा, कुठल्याही लॅब्राडोरचा असतो तसा. आत मात्र केस गंजाच्या रंगाचे झाले आहेत, ओले आहेत, आणि त्यांच्या मुळाशी कातडी लालबुंद.

"हा रंग लाळेचा," मॅडम सांगतात. "लाळेत पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं. एकच जागा सारखी चाटली की तिथले केस असे तांबूस होतात. तुम्ही कामावर गेलात की हा दिवसभर काय करतो, ते इथे दिसतंय."

ब्रुनोचे बाबा गुडघ्यावर हात टेकून वाकतात. "आम्हाला वाटलं, मातीचा डाग आहे."

डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन गाळ्यांचा हा दवाखाना. जुलै चालू आहे, पाऊस सकाळपासून धरून बसलाय, भिंतींना ओल आलीय. बाहेरच्या गाळ्यात बाकं आणि ओल्या छत्र्यांची रांग; आतल्या गाळ्यात तपासणी. शनिवारची संध्याकाळ मॅडमनी कातडीच्या पेशंटसाठी राखून ठेवली आहे, कारण खाजणाऱ्या कुत्र्याला पाऊण तास द्यावा लागतो आणि तो रोजच्या लसीकरणाच्या गर्दीत मिळत नाही. मी त्यांच्या परवानगीने कोपऱ्यातल्या स्टुलावर वही घेऊन बसले आहे.

बाबांना घाई आहे. "मॅडम, ते एक इंजेक्शन देऊन टाका ना. मागे दुसरीकडे देत होते ते. दुसऱ्या दिवशी खाज गायब व्हायची."

"किती दिवस गायब?"

"तीनेक आठवडे."

"आणि त्या तीन आठवड्यांत पाणी किती प्यायचा?"

बाबा गप्प होतात. उत्तर मुलगी देते. कॉलेजात जाणारी आहे, मघापासून ब्रुनोच्या मानेवर हात ठेवून बसली आहे. "बादलीला तोंड लावायचा. घरात शू करायचा. कधीच नाही करत तो घरात. आणि सारखी भूक."

मॅडम मान हलवतात. रागावत नाहीत, मागच्या डॉक्टरांबद्दलही काही बोलत नाहीत. एवढंच सांगतात की ते स्टेरॉइड होतं, बरेच दिवस अंगात टिकणारं. स्टेरॉइड वाईट नाही, पेटलेली कातडी ते झटकन शांत करतं, आणि गोळीच्या रूपात थोडे दिवस त्या स्वतःही देतात. गोळी त्रास देऊ लागली तर कमी करता येते. इंजेक्शन एकदा आत गेलं की बाहेर काढता येत नाही. आणि दर महिन्याला ते घेत राहिलं तर स्नायू झिजतात, कातडी पातळ होते, पोट सुटतं, साखरेच्या आजाराची भीती वाढते. ज्या कातडीसाठी हे सगळं करायचं, तीच पातळ होते.

मग प्रश्न सुरू होतात. पहिल्यांदा कधी खाजवायला लागला? दीड वर्षाचा असताना, पावसाळ्यात. दिवाळीपर्यंत थांबला. पुढच्या वर्षी होळीपर्यंत चाललं. आता बाराही महिने. घरात राहतो की बाहेर? घरातच, फिरायला दोनदा. आणि एक प्रश्न, जो मॅडम दोनदा विचारतात: "आधी काय आलं? खाज की पुळ्या?"

"खाज," मुलगी लगेच म्हणते. "अंगावर काहीच नव्हतं तेव्हा. नुसता पंजे चाटायचा. बाबा म्हणायचे, सवय आहे."

मॅडम एक कागद पुढे करतात. त्यावर एक उभी रेघ, शून्यापासून दहापर्यंत. शून्य म्हणजे निरोगी कुत्रा जेवढं खाजवेल तेवढंच. दहा म्हणजे जेवण, खेळ, झोप काहीही चालू असलं तरी खाजवणं थांबत नाही. बाबा पाचावर बोट ठेवतात. मुलगी आठावर. मॅडम विचारतात, रात्री कोण कुठे झोपतं? बाबा बेडरूममध्ये, दार लावून. मुलगी हॉलमध्ये, ब्रुनोशेजारी. मॅडम आठ लिहितात.

त्याच कागदाच्या खाली कुत्र्याच्या दोन आकृत्या छापल्या आहेत, एक पाठीकडून, एक पोटाकडून. ब्रुनोला उताणं करून मॅडम लाल पेनाने भरत जातात: चारही पंजे, काखा, जांघा, पोट, डोळ्यांभोवती, ओठांच्या कडा, कानाची आतली बाजू. पोटावर बारीक पुळ्या आहेत, आणि काही ठिकाणी पुळी फुटून गेल्यावर राहिलेली खपल्यांची गोल कडी. कान उलटा केला की आंबूस-कुबट वास येतो, माझ्या स्टुलापर्यंत येतो. पाठ मात्र कोरी. केस चमकदार, एक चट्टा नाही. कानाच्या पाळीची कडसुद्धा स्वच्छ.

"कुठे खाजतं यापेक्षा कुठे खाजत नाही, हे मला जास्त सांगतं," त्या म्हणतात आणि कोऱ्या पाठीवर पेन टेकवतात.

झुरिकच्या क्लोद फाव्रो यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१० मध्ये ॲटोपीचे, म्हणजे वातावरणातल्या कणांच्या ॲलर्जीचे, आठ निकष मांडले: सुरुवात तीन वर्षांच्या आत, कुत्रा मुख्यतः घरात राहणारा, स्टेरॉइडने खाज कमी होणारी, आधी खाज मग बाकीचं, पुढचे पंजे बाधित, कान बाधित, कानाची कड नाही, कमरेचा वरचा भाग नाही. ब्रुनोला आठही लागू पडतात. तरीही मॅडम कागदावर 'ॲटोपी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढतात. या रोगाची अशी एक तपासणी नाही की जिच्यावर बोट ठेवून सांगावं, हाच तो. रक्तातल्या ॲलर्जीच्या चाचण्या होतात, पण निरोगी कुत्र्यांच्याही रक्तात त्या सकारात्मक येतात. निदान होतं ते बाकीचं एकेक वगळत. आधी पिसवा, गोचीड, खरूज, मग जंतू आणि बुरशी, मग खाणं. सगळं वगळून जी खाज उरते, ती घरातल्या धुळीची, परागांची, बुरशीच्या कणांची.

मॅडम पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा ब्रुनोच्या बोटांमध्ये दाबतात आणि काढतात. कंपाउंडर तो काचेवर लावतो, निळ्या-जांभळ्या रंगात बुडवतो, पाण्याखाली धरतो. पाच मिनिटांत काच सूक्ष्मदर्शकाखाली. मॅडम आधी स्वतः बघतात, मग मुलीला बोलावतात, मग मला. डोळा लावला की प्रथम नुसती कातडीच्या मेलेल्या पेशींची फिकट चादर दिसते. मग तिच्यावर जांभळे ठिपके उठू लागतात. प्रत्येक ठिपका मधे दबलेला, शेंगदाण्याच्या दोनदाणी टरफलासारखा. एक, पाच, वीस. मोजणं सोडून द्यावं लागतं. हे मॅलासेझिया, कातडीवर नेहमीच वस्तीला असणारं यीस्ट. कानाचा तो वास यांचाच. पोटावरच्या पुळीच्या काचेत वेगळंच चित्र आहे, गोल गोल जिवाणूंचे पुंजके.

बाबा विचारतात, "म्हणजे हे इन्फेक्शन आहे? मग ॲलर्जी कुठली?"

या प्रश्नावर मॅडम पेन खाली ठेवतात. ॲलर्जीच्या कुत्र्याची कातडी मुळातच गळकी असते, त्या सांगतात. तिच्यातून धुळीतले कण आत शिरतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. कातडी सुजते, कुत्रा चाटतो, ओल राहते, आणि त्या ओलीत यीस्ट आणि जिवाणू माजतात. ते माजले की आणखी खाज. ब्रुनोच्या आठामधले दोन-तीन गुण धुळीचे नसून या भाडेकरूंचे आहेत. ते आधी बाहेर काढायचे. मग खरी खाज किती आहे ते कळेल.

"आणि एक स्पष्ट सांगते. हा बरा होणार नाही. सुखात राहील, झोपेल, खेळेल, पण औषध आणि काळजी जन्मभर. आज एवढं ऐकून घ्या, बाकीचं पुढच्या वेळी."

खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. ते पहिल्याच भेटीत, असं सरळ सांगणारे डॉक्टर पाहिजेत. पुढच्या इंजेक्शनाने बरा होईल या आशेवर माणसं दोन-दोन, तीन-तीन वर्षं दवाखाने बदलत राहतात, पैसे संपतात, धीर संपतो. हायवेच्या कडेला सोडून दिलेले, केस झडलेले जातिवंत कुत्रे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

ब्रुनोची रवानगी मागच्या मोरीत होते. मुलगीही जाते, शाम्पू कसा लावायचा ते कंपाउंडर तिच्याच हातून करून घेणार आहे. क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, आणि फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं. घड्याळ लावून. बहुतेक घरी फेस झाला की लगेच पाणी ओततात आणि मग म्हणतात, शाम्पूने गुण आला नाही.

आता आजी आत येतात. पदराखाली पांढरी पॉमेरिअन, तिचं नाव चिंगी. टेबलावर ठेवताच चिंगी मागे वळून शेपटीच्या मुळाशी कचाकचा चावू लागते, उंदराने कणीस कुरतडावं तशा बारीक चाव्यांनी नव्हे, पुरत्या त्वेषाने. मॅडम नवा कागद घेतात. या खेपेला लाल पेन आधी पाठीच्या आकृतीवर जातं: कंबर, शेपटीचं मूळ, मांड्यांची मागची बाजू. पंजे कोरे, कान कोरे. ब्रुनोच्या बरोबर उलटं.

"आजी, पिसवा झाल्यात हिला."

"माझ्या घरात पिसवा?" आजींचा आवाज चढतो. "दोन वेळा लादी पुसते मी. एक तरी दाखव."

मॅडम बारीक दातांची फणी घेतात, शेपटीजवळच्या केसांतून उलटी फिरवतात आणि फणीत आलेला काळा भुरका ओल्या कापसावर झटकतात. "ही माती असेल तर काळीच राहील. बघत राहा."

आम्ही सगळे कापसाकडे बघतो. मिरीच्या पुडीएवढे काळे कण. काही क्षण तसेच. मग एकेका कणाभोवती तांबूस-तपकिरी वलय पसरू लागतं.

"ही पिसवांची विष्ठा. पचलेलं रक्त आहे ते. तुमच्या चिंगीचंच."

आजी चष्मा काढून पुसतात आणि पुन्हा लावतात. मग हळू आवाजात विचारतात, "पण पिसू एकही दिसत नाही गं."

दिसणार कशी? खाजणारा कुत्रा चावून-चाटून पिसवा गिळून टाकतो. चिंगीला ॲलर्जी आहे ती पिसवेच्या लाळेची, आणि अशा कुत्र्याला एखाददुसरा चावाही पुरतो. शिवाय घरातल्या पिसवांपैकी अंगावर असतात त्या फार थोड्या. सुमारे ९५ टक्के वस्ती अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात घरात असते: सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात, पलंगाखाली. कोष तर महिनोन्‌महिने वाट पाहत पडून राहतात.

"ही झोपते कुठे?"

"दिवाणाखाली. माझ्या आईची गोधडी आहे जुनी, तीवर."

"गोधडी उकळत्या पाण्यात धुवा. टाकू नका हं, धुवा. दिवाणाखालचा कोपरा रोज झाडून केर बाहेर. आणि महिन्यातून एकदा हिला हे औषध, निदान तीन महिने. खाज थांबली तरी थांबायचं नाही, कारण कोषातल्या अजून बाहेर यायच्यात."

दार लावता लावता आजी थांबतात. शेजारणीची मांजर येते कधीकधी खिडकीतून. तिच्याही मानेवर दोन थेंब टाकू का? मॅडम इतक्या जोरात "नाही" म्हणतात की चिंगी भुंकते. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. मांजरीला ते विष आहे, झटके येऊन जीव जातो. मांजरीचं औषध वेगळं मिळतं, शेजारणीला पाठवून द्या, तिलाही द्यायलाच हवं.

बाहेरच्या गाळ्यात गडबड ऐकू येते. बाकावरची माणसं आपापली कुत्री मांडीवर घेऊन भिंतीकडे सरकली आहेत. दारात एका सोसायटीचा वॉचमन उभा आहे, निळ्या गणवेशात, सुतळीला बांधलेला रस्त्यावरचा कुत्रा घेऊन. कुत्र्याच्या कोपरांवर, पायांच्या सांध्यांवर, कानांवर केस नाहीत. कातडी सुरकुतलेली, राखाडी, खपल्यांनी भरलेली. आणि सगळ्या अंगाला काळं, चकचकीत काहीतरी फासलेलं. गॅरेजचा वास.

"जळकं तेल लावलंय मॅडम. गॅरेजवाला बोलला, खरजेवर रामबाण."

लाल्या त्याचं नाव. मॅडम त्याला सगळ्यांच्या आधी घेतात, कुणीही तक्रार करत नाही. हातमोजे चढवून त्या लाल्याच्या कानाची पाळी अंगठा आणि तर्जनीत धरतात आणि कड कडेवर घासतात. लाल्याचा मागचा पाय आपोआप उचलला जातो आणि हवेत खाजवू लागतो. मॅडम थांबतात, पाय थांबतो. पुन्हा घासतात, पाय पुन्हा सुरू. दुसऱ्या कानाला तेच. खरजेच्या कुत्र्यांत ही खूण फार वेळा सापडते. ब्रुनोच्या कानाची जी कड स्वच्छ होती, नेमकी तीच इथे खपल्यांनी जाड झाली आहे. ब्लेडने कातडी खरवडून काचेवर घेतात. किडा दिसतोच असं नाही, आजही दिसत नाही. पण मॅडम त्यासाठी थांबत नाहीत. खरवडीत किडा सापडला नाही म्हणजे खरूज नाही असं होत नाही, संशय एवढा असला की औषध देऊनच बघायचं.

मग त्या वॉचमनकडे वळतात. "दादा, तुम्हाला रात्री खाजतं का?"

तो गोंधळतो. मग बाही वर करतो. मनगटापासून कोपरापर्यंत लाल फुणगे. "डास चावतात ना मॅडम, पार्किंगमध्ये."

"डास नाहीत. याला तुम्ही कुशीत घेऊन झोपता."

तो हसतो, पकडला गेल्यासारखा. पाऊस लागला की जिन्याखाली दोघंच असतात, त्याचा काय इलाज. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या कातडीत फार काळ टिकत नाही. कुत्रा बरा झाला की हे फुणगेही जातील, पण त्यानेही डॉक्टरला हात दाखवून घ्यावा. तेल मात्र आजच्या आज धुवून काढायचं. इंजिनातून निघालेलं तेल कुत्रा चाटतो, पोटात जातं, कातडीतूनही मुरतं, आणि त्यात काय काय मिसळलेलं असतं. पूर्वी अमिट्राझच्या आंघोळी आणि आयव्हरमेक्टिनची इंजेक्शनं हाच मार्ग होता, आणि आयव्हरमेक्टिन कोलीसारख्या काही जातींना झेपत नसे. आता आयसोक्झॅझोलिन गटातली चघळायची गोळी निघाली आहे, तीच गोचीड-पिसवांनाही चालते. फेफरं येणाऱ्या कुत्र्याला देताना जपून, म्हणून मॅडम कुठल्याही पेशंटला विचारतातच: कधी झटका आला होता का? सोसायटीत आणखी तीन कुत्री आहेत. त्यांनाही गोळी द्यावी लागेल, नाहीतर लाल्याला पुन्हा लागेल. पैशांचं नाव निघण्याआधीच मॅडम चार गोळ्या काढून पाकिटात घालतात.

"दीड-दोन महिन्यांत याला नवे केस येतील. ओळखू येणार नाही."

मी वहीत लिहून ठेवते: आजच्या संध्याकाळी सगळ्यांत भयंकर दिसणारा कुत्रा हाच, ज्याच्यापासून बाकावरची माणसं दूर सरकली तो, आणि पूर्ण बराही हाच होणार. आतल्या मोरीतून टॉवेलात गुंडाळून येणारा, पाठीवर चकाकणारा ब्रुनो नाही.

ब्रुनोची मुलगी कोपरापर्यंत भिजली आहे. मॅडम आता तिच्याशीच बोलतात, बाबा ऐकतात. खाज थांबवायचं काम वेगळं आणि कारण शोधायचं वेगळं, दोन्ही बरोबरीने चालणार. आजपासून ओक्लासिटिनिबची गोळी, पहिले १४ दिवस दोन वेळा, मग एकदाच. मॅडम परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, १८८६ पासून चालत आलेल्या त्या जुन्या कॉलेजात शिकत होत्या, तेव्हा हे औषध नव्हतं. स्टेरॉइड आणि माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्या एवढंच हातात होतं. सेट्रिझिनसारख्या गोळ्या अजून लोक मेडिकलमधून आणून देतात, पण कुत्र्याच्या खाजेत हिस्टामिनचा वाटा लहान, म्हणून गुणही लहान. कातडीतून मेंदूकडे 'खाजव' असा निरोप नेणाऱ्यांत इंटरल्यूकिन-३१ हे रसायन मोठं. ओक्लासिटिनिब तो निरोप पेशीच्या आत अडवतं. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर आलेलं लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन तर थेट त्या रसायनालाच धरून बसतं.

"इंजेक्शन!" बाबांचे डोळे चमकतात.

"हे ते नव्हे," मुलगी म्हणते, आणि मॅडम तिच्याकडे कौतुकाने बघतात.

गोळी वर्षाच्या आतल्या पिल्लाला देत नाहीत, आत खोल जंतुसंसर्ग असेल तर देत नाहीत, आणि मधूनमधून रक्त तपासायचं. ३६ किलोच्या कुत्र्याला ती महाग पडते, हेही मॅडम लपवत नाहीत. म्हणून बाकीचा भार घराने उचलायचा. फिरून आलं की पंजे धुऊन बोटांमधून कोरडे करायचे, कोरडे म्हणजे कोरडे. अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात. धुळीतला सूक्ष्म किडा हा जगभरच्या ॲलर्जीवाल्या कुत्र्यांचा मोठा शत्रू, आणि आपल्या दमट हवेत त्याची चैन असते. माशाच्या तेलाचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, तोवर धीर धरायचा. वर्षभराने, घडी बसल्यावर, ॲलर्जन नेमके शोधून त्यांचीच लस टोचायचा विचार करता येईल. विटिच नावाच्या डॉक्टरांनी परागांनी बेजार झालेल्या एका कुत्र्यावर असा उपचार केल्याचं लिहून ठेवलं ते १९४१ मध्ये. अजूनही मुळाशी जाणारा उपचार तोच, पण सगळ्या कुत्र्यांना लागू पडत नाही आणि वर्षभर वाट पाहायला लावतो.

मुलगी सगळं मोबाइलमध्ये टिपून घेते. रोज रात्री शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा, हे तिचं काम. बाबा म्हणतात, मीपण लिहीन. मॅडम म्हणतात, "मग आधी हॉलमध्ये झोपा."

शेवटचा नंबर एका तरुण जोडप्याचा. त्यांचा शिह त्झू, नाव गुंडू, जन्मापासून चिकन-भात, दही, पोळी खाऊन वाढलेला. पिसवा नाहीत, यीस्ट आटोक्यात, तरी खाज हटत नव्हती, म्हणून मॅडमनी त्याला पथ्यावर ठेवलं आहे: प्रथिनांचे बारीक तुकडे करून, शरीराला ओळखू येणार नाहीत अशी करून बनवलेलं खाणं, आठ आठवडे, आणि त्याखेरीज पाण्याशिवाय काही नाही. आठ का? २०१५ मध्ये ऑलिव्हरी, म्युलर आणि प्रेलो यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. खाण्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त पाच आठवड्यांत सुधारले, पण ९० टक्क्यांचा पल्ला गाठायला आठ लागले. चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडलं तर हातात काहीच येत नाही.

गुंडूचा सहावा आठवडा आहे. बायको वही उघडते: सात, सहा, चार, तीन, तीन. मग या मंगळवारी एकदम सहा.

"मंगळवारी काय झालं? कृमीची गोळी दिली? चघळायची, चवीची? औषध पेढ्यात लपवून?"

दोघं एकमेकांकडे बघतात. नवरा घसा साफ करतो. "सोमवारी बाबा आले गावाहून."

"आणि?"

"त्यांचा नियम आहे. संध्याकाळच्या चहाबरोबर त्याला एक ग्लुकोज बिस्किट."

मला वाटतं, आता मॅडम कपाळावर हात मारतील. त्या उलट पुढे सरकून बसतात. बिस्किटात गहू आणि दूध, दोन्ही. कुत्र्यांच्या खाण्याच्या ॲलर्जीत बीफच्या खालोखाल ज्यांची नावं येतात, त्यांतली ही दोन, तिसरं चिकन. सोमवारी बिस्किट, मंगळवारी सहा. यावरून निकाल लावता येत नाही, पण वाट दिसते. खाज पुन्हा तीनवर येऊ द्यायची, पथ्य दोन आठवडे वाढवायचं, आणि मग मुद्दाम एकेक पदार्थ द्यायचा: आधी नुसती पोळी, मग थांबून नुसतं दही, मग चिकन. ज्याने खाज परतेल तो कायमचा बंद. बाकीचं सगळं त्याला परत मिळेल. एकट्या रक्ताच्या चाचणीवर अख्ख्या घराचं खाणं बंद करण्यापेक्षा हे किती चांगलं.

"पण बाबा ऐकणार नाहीत," सून म्हणते. "गुंडू त्यांच्या खुर्चीपाशी येऊन बसतो ना. म्हणतात, मुका जीव आहे, तुम्ही उपाशी मारताय."

"लावा फोन."

फोन स्पीकरवर लागतो. मॅडम स्वतःची ओळख करून देतात, मग आजोबांना नीट सांगतात: मंगळवारी रात्री गुंडू किती वेळा उठला, पोट कसं लाल झालं, आणि अजून साधारण महिनाभर कळ काढली तर पुढची दहा-बारा वर्षं तो कसा निवांत झोपेल. पलीकडून बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येतो. मग आजोबा टीव्ही बंद करतात.

"डॉक्टर, मला सांगितलं असतं कुणी तर मी नसतं दिलं. पण तो डबा वाजला की धावत येतो हो. मग मी संध्याकाळी त्याला देऊ काय?"

"त्याच्या पथ्याच्या पिशवीतले चार दाणे त्या डब्यात भरून ठेवा. बिस्किटं दुसरीकडे, कुलपात. डबा तोच ठेवा आणि तसाच वाजवा."

"खाईल?"

"तुमच्या हातचं खाईल. उद्यापासून आकडाही तुम्हीच लिहा, दिवसभर त्याच्याजवळ तुम्हीच असता. रात्रीचा सून लिहील."

"शून्य ते किती म्हणालात?" आजोबा विचारतात, आणि पलीकडून सुनेला सांगताना ऐकू येतं की पेन शोधतोय, थांबा. मॅडम थांबतात, मग सुरुवातीपासून एकेक पायरी सावकाश सांगू लागतात.